एश्त्रेमोशच्या बाजारातून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला लागलं की तुमचं "जेवलीस का, थंडी आहे का" यातच अर्धा तास जातो, म्हणून हे निवांत लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आईला चष्मा शोधायला लावू नका.

शनिवारी एश्त्रेमोशला जाऊन आले. इथे पोर्तुगालमध्येच, लिस्बनहून पूर्वेला, स्पेनच्या सीमेकडे, बसनं दोनेक तासांवर. अलेंतेजु म्हणतात त्या मुलखाला. समुद्र मागे पडला की मोकळं रान लागतं आणि त्यात विरळ उभी बुचाच्या ओकची झाडं, बाटल्यांची बुचं ज्यांच्या सालीची करतात ती. बुंध्याची साल सोललेली, आतून तांबूस, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. ज्या वर्षी साल काढली त्या वर्षातला शेवटचा आकडा तो. मग नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही. बाबा, आंब्याच्या झाडांवर खडूनं तारखा लिहिणारे तुम्हीच आठवलात.

गावाच्या खालच्या अंगाला रोसियु नावाचं भलंमोठं पटांगण आहे. दर शनिवारी सकाळी तिथे बाजार भरतो. एका बाजूला भाजी, मेंढीच्या दुधाचं चीज, धुरी दिलेली सॉसेजं, पिंजऱ्यात कोंबड्या. दुसऱ्या बाजूला जुनंपुराणं सामान, गंजकी कुलपं, विळे, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. आजूबाजूला संगमरवराच्या खाणी, त्यामुळे साध्यासुध्या घराचा उंबरठाही संगमरवरी.

आई, कोथिंबीर! ढीगच्या ढीग, मुळासकट, माती लागलेली. एका आजींनी काडी मोडून माझ्या नाकाशी धरली, अगदी तू धरतेस तशी. इथे असोर्दा करतात. लसूण, कोथिंबीर आणि जाडं मीठ खलबत्त्यात कुटायचं, त्यावर ऑलिव्हचं तेल आणि उकळतं पाणी, मग शिळ्या पावाचे तुकडे आणि वर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं. शिळ्या भाकरीचा काला खाऊन वाढलेल्या माणसाला हे जेवण परकं कसं वाटेल? मी दोन वाडगे संपवले.

आणि कान देऊन ऐकलं तर अधूनमधून आपलेच शब्द. बटाट्याला बताता, पावाला पांव, साबणाला साबांव. गोव्याच्या वाटेनं हे शब्द आपल्याकडे येऊन किती पिढ्या झाल्या. लिलाव, पगार, चावी हेही इथलेच. भाषा येत नसली तरी तुम्ही दोघं इथे उपाशी राहणार नाही, एवढं नक्की.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ती गोष्ट वेगळीच आहे. या गावाच्या मातीच्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत, बोनेकुश म्हणतात त्यांना. २०१७ मध्ये युनेस्कोनं त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. एका छोट्या कार्यशाळेत मी तासभर उभी होते. कारागीर बाई मातीचा गोळा करत होत्या, त्याची वळी करत होत्या, पोळी लाटत होत्या. आधी अंग घडवायचं, मग मातीच्याच पातळ पोळीचा झगा त्याला नेसवायचा. वाळवून, भाजून, शेवटी रंग. एक बाहुली डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातात हृदय घेतलेली. 'प्रेम आंधळं असतं' हेच तिचं नाव. दुसरी पोर्तुगालच्या इझाबेल राणीची, ओटीत गुलाब. गरिबांसाठी लपवून नेलेल्या पावाचे गुलाब झाले अशी तिची कथा आहे, आणि ती राणी १३३६ मध्ये याच गावच्या किल्ल्यात वारली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कला जवळजवळ बुडाली होती. १९३० च्या दशकात सा लेमुश नावाच्या शिल्पकारानं, तो इथल्या शाळेचा प्रमुख होता, गावातली आना दश पेलिश ही म्हातारी शोधून काढली. तिला हे काम येत होतं. तिला परत मातीला बसवलं आणि तिच्या हातांकडून सगळं शिकून घेतलं. आज जे कोणी बाहुल्या करतात, त्यांच्यापर्यंत ते असं पोहोचलं.

आई, हे ऐकताना मला तुझे बेंदराचे बैल दिसत होते. वशिंडाला अंगठ्यानं दिलेला तो एक दाब. मी लहानपणी नुसती बघत बसले, कधी हात घातला नाही. गेली काही वर्षं आपण बाजारातून रंगवलेले आणतो, कारण तुझी बोटं दुखतात. या वेळी बेंदराला मी येणार आहे, रजेचा अर्ज दिला आहे. तू पाटावर बसू नकोस, खुर्चीवर बस आणि नुसतं सांग. माती मी मळते. बाबा, ओढ्याकाठची ती काळी माती पाऊस लागायच्या आधी आणून ठेवा, पण स्वतः उचलू नका, कोणाकडून तरी आणवा.

मग पुढच्या वसंतात तुम्ही दोघं इकडे या. बाजार सगळा सपाटीवर आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. किल्ल्यावरही थेट वरपर्यंत गाडी जाते. सत्तावीस मीटरच्या बुरुजावर मी एकटीच चढेन, तुम्ही खाली सावलीत बसा.

आईसाठी एक मातीची शिट्टी घेतली आहे, कोंबड्याच्या आकाराची. कापसात गुंडाळून ठेवली आहे.

तुमची,
मनू