रणगाड्याचे पहिले किट साधेच असावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मे महिन्याच्या सुट्टीतील छंदांवर जो लेख आला, त्यात प्लॅस्टिकच्या रणगाड्यांच्या किटचा उल्लेख पाहून मनापासून आनंद झाला, कारण मराठी वृत्तपत्रांत या छंदाची दखल क्वचितच घेतली जाते. मात्र ‘सुटे भाग जितके जास्त, तितके किट चांगले’ असा जो सल्ला त्या लेखात दिला आहे, तो नवशिक्याच्या दृष्टीने साफ चुकीचा आहे. तो वाचून कोकणातील पालकांनी मुलांसाठी शेकडो भागांचे महागडे खोके मागवण्याआधी या विषयाची दुसरी बाजू त्यांच्यापुढे यावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

भागांची संख्या वाढते कुठे, हे आधी पाहावे लागेल. ती बहुतेक वेळा रणगाड्याच्या पट्ट्यांमध्ये वाढते. शेर्मन रणगाड्याच्या एका बाजूच्या पट्ट्यात ७९ कड्या असतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून १५८. महागड्या किटमध्ये यातील प्रत्येक कडी सुटी येते, काही किटमध्ये तर एकेक कडीही दोन-तीन तुकड्यांत येते. प्रत्येक तुकडा ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेला येतो तिच्यापासून कापायचा, कापल्याजागी राहिलेला टवका घासायचा आणि मग तो पुढच्या तुकड्यात अडकवायचा. अनुभवी माणसाला या कामात गोडी वाटते, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा उत्साह पहिल्या पट्ट्याच्या अर्ध्यातच संपतो आणि खोके माळ्यावर जाते. त्याच खोक्यात पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेले भाग असले तर अडचण आणखी वाढते, कारण प्लॅस्टिकचे भाग जोडायचे द्रव सिमेंट धातूला धरतच नाही.

याउलट साध्या किटमध्ये रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा अखंड पट्टा येतो, तो चाकांभोवती गुंडाळून टोके जोडली की काम झाले. अशा पट्ट्याचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा लागतो. रशियन बनावटीच्या टी-५५ ला वरच्या बाजूने पट्टा उचलून धरणाऱ्या लहान चाकांची रांग नाही, त्यामुळे खऱ्या रणगाड्यात पट्टा स्वतःच्या वजनाने मोठ्या चाकांवर टेकलेला दिसतो, आणि रबरी पट्टा मात्र तिथे ताणलेलाच राहतो. ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियन रणगाड्याच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण त्याच्या बाजूंना लावलेल्या पोलादी पत्र्यांनी पट्ट्याचा वरचा भाग झाकला जातो. नवशिक्यासाठी मी सेंच्युरियनची शिफारस करतो, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्टा’ नावाच्या रणगाड्यातून लढले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी ज्यात धारातीर्थी पडले, तो सेंच्युरियनच होता. १९६५ मध्ये याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर फिलोराच्या परिसरात सेंच्युरियनमधूनच लढले होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जर्मन टायगर आणि पँथर यांची खोकी दुकानात अधिक उठून दिसतात हे खरे, पण आपल्या मुलाला ज्या रणगाड्याची हकिकत सांगता येईल, त्याची किट आधी घरात यावी. शेर्मनही परका नाही, सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शेर्मन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले होते. शिवाय अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय रत्नागिरी-सिंधुदुर्गातून एका मुक्कामात पाहून येण्यासारखे आहे. खऱ्या रणगाड्याच्या पोलादाचा खरबरीत पृष्ठभाग आणि वेल्डिंगचे जाड सांधे एकदा डोळ्यांनी पाहिले, की रंगवताना हात आपोआप योग्य ठिकाणी थांबतो.

आकाराविषयी थोडक्यात. रणगाड्यांच्या किटमध्ये सर्वाधिक चालते ते १/३५ हे प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या लांबीचा पस्तिसावा भाग. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पँथरचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा सांगाडा ठरवला गेला, आणि मोजल्यावर ते प्रमाण १/३५ च्या आसपास निघाले. तेच पुढे रूढ झाले. या प्रमाणात शेर्मन साधारण १७ सेंटीमीटर लांब होतो, तर १/७२ मध्ये जेमतेम ८. लहान आकाराचे किट स्वस्त पडते खरे, पण त्यातले हूक आणि हँडल तांदळाच्या कणीएवढे असतात, म्हणून मुलांसाठी १/३५ किंवा फार तर १/४८ घ्यावे.

जोडणीतील एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यावरून किट कसे जमले ते कळते. साध्या किटमध्ये तोफेची नळी उभ्या दोन अर्धांत येते. प्लॅस्टिकचे सिमेंट हा डिंक नव्हे, ते प्लॅस्टिक विरघळवते आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात. दोन्ही अर्ध एकत्र धरून सांध्यावर पातळ सिमेंटचा ब्रश टेकवावा, क्षणभर थांबावे आणि मग हलकेच दाबावे, म्हणजे विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड सांध्यातून वर येते. ती तशीच राहू द्यावी, बोट लावू नये. दुसऱ्या दिवशी ती कडक झाली की पात्याने खरवडून बारीक पॉलिशपेपरने नळी फिरवत फिरवत घासावी. एकाच जागी घासत राहिल्यास नळी चपटी होते. फेविक्विकने हा सांधा साधत नाही, कारण ते प्लॅस्टिक विरघळवत नाही, भाग सरकवून नीट बसवायला वेळ देत नाही आणि आजूबाजूला पांढुरकी धूसर छटा सोडते. सिमेंट आणि थिनरचा वास डोक्यात जाणारा असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून आणि मोठे माणूस जवळ असतानाच हे काम करावे.

आता आपल्या हवेचा प्रश्न. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात हवा इतकी दमट असते की स्प्रे कॅनमधून मारलेले प्रायमर पांढरट पडते. द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते, हे त्याचे कारण. ॲक्रिलिक रंगसुद्धा वाळायला दुप्पट वेळ घेतात. म्हणून पावसाळ्यात कापणे, घासणे आणि जोडणे एवढेच करावे आणि रंगकाम दसऱ्यानंतर काढावे. पाण्यात भिजवून चिकटवायच्या डिकलचा, म्हणजे रणगाड्यावरील चिन्हे-आकड्यांचा, कागद मात्र पहिल्या दिवसापासून सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावा, कारण ओल लागली की त्याचा डिंक निकामी होतो.

रंगवणे शिकायला आपल्याकडे दूर जावे लागत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. गावोगावच्या गणपतीच्या शाळांत ज्यांनी आखणी केली आहे, त्यांचा ब्रशवरचा ताबा या कामाला नेमका लागणारा आहे. ॲक्रिलिकचा गडद हिरवा रंग पूर्ण वाळल्यावर त्यावर थिनरमध्ये पातळ केलेला तपकिरी इनॅमल सोडला, तर तो रिव्हेटभोवती आणि सांध्यांत आपोआप धावतो, आणि खालचा ॲक्रिलिक विरघळत नाही. पण तो चाकांच्या दांड्यांपाशी साचू देऊ नये, ताणाखालचे प्लॅस्टिक थिनरने तडकते. शेवटी धूळ-चिखल लावताना आपल्या अंगणातली जांभ्याची लाल माती वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा. बसंतर आणि असल उत्तर ही पंजाबच्या गाळाची मैदाने आहेत, तिथला चिखल करडा-तपकिरी असतो. असल उत्तरला तर शेतांत पाणी सोडलेले होते आणि पॅटन त्या ओल्या जमिनीत रुतले होते. लाल धुळीने माखलेला सेंच्युरियन बसंतरचा वाटणार नाही.

आपणास विनंती अशी की, पुरवणीच्या पुढील अंकात त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी आणि पहिल्या किटसाठी तीन गोष्टी पाहाव्यात असे सांगावे: अखंड पट्टा, एकरंगी रणगाडा आणि ओळखीचा इतिहास. तसेच आपल्या जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांनी बालविभागात एक टेबल, एक दिवा आणि निपर, कानस, पाते अशी सामायिक हत्यारे ठेवावीत, ही सूचनाही आपल्या स्तंभातून पोहोचवावी. किट एकाच मुलाची असली तरी हत्यारे दहा जणांना पुरतात, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. जोडणीचे काम पावसाच्या दिवसांत करायचे असल्याने हे सारे मेअखेरीपूर्वी छापले गेले, तर पालकांना किट मागवायला वेळ मिळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक
दापोली, जि. रत्नागिरी