तज्ज्ञ कुठल्या थांब्यावर उतरतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या मनावरील आघातांविषयीचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा बरा वाटला, दुसऱ्यांदा शेवटच्या चौकटीवर अडलो. 'पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे, त्यांनी वेळीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.' लेखिकाबाईंना नम्रपणे विचारतो, हे तज्ज्ञ सोलापुरात कुठल्या थांब्यावर उतरतात? एसटीत तीस वर्षं वाहक होतो, जिल्ह्यातला एकेक थांबा पाठ आहे. मला काही सापडले नाहीत.

माझा नातू आठ वर्षांचा. मागच्या वर्षी जावयाची रिक्षा उलटली तेव्हा तो बापाच्या शेजारीच बसला होता. जास्त लिहीत नाही, तुमच्याच पेपरात चार ओळी आल्या होत्या. पोराला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून सगळे म्हणाले, वाचला. महिन्याभरात अंथरूण ओलं करायला लागला. शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. रिक्षाचा हॉर्न ऐकला की कानात बोटं घालून कॉटखाली.

आम्ही अजागरूक माणसांनी काय केलं ते सांगतो. एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी जंताचं औषध दिलं आणि 'लहान आहे, विसरून जाईल' म्हणाले. दुसऱ्यांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली, ती मी दिली नाही. शाळेतून चिठ्ठी आली, 'वर्गात लक्ष नसते, उलट उत्तरे देतो.' विहीणबाईंनी दृष्ट काढली. हसा खुशाल, पण स्वतःचा मुलगा गेलेला असताना पोराला मांडीवर घेऊन बसल्या त्या एकट्याच.

शेवटी १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. बाई मराठीत, अगदी निवांत बोलल्या. हा हट्ट नव्हे, भीती आहे आणि तिच्यावर उपचार असतो, हे त्यांच्याकडून पहिल्यांदा कळलं. पण पोर काही फोनवर बोलेना. मग कुणीतरी पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

त्यांनी पहिल्या दिवशी अपघाताचं नावसुद्धा काढलं नाही. चित्रं काढून घेतली, फुगा फुगवल्यासारखा श्वास सोडायला शिकवलं. पुढे थोडं थोडं त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं, आईलाही सोबत घ्यायचं, मग उभ्या रिक्षात बसवायचं, शेवटी चालत्या. आठवड्याला एक अशा १२ ते १६ बैठका लागतील म्हणाल्या. मी वाहक माणूस, तिथेच हिशेब केला. जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, १२ खेपा, झाले ६,०००. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस गाठायची, रात्री घरी. मुलगी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जाते, तिचा रोज बुडायचा. पाचव्या खेपेला परतीच्या गाडीत पोरगं दौंड येईपर्यंत बापाविषयी बोलत होतं. कुठला शर्ट घातला होता, कुठलं गाणं लावलं होतं. सहावी खेप झाली नाही. पैसे संपले.

ओळखीच्या वकिलाकडून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचून घेतला. कलम १८ म्हणतं, उपचारासाठी कुणाला, मुलांनासुद्धा, लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या घराजवळ मिळावी. ६,००० किलोमीटर म्हणजे जवळच, असं कुणाला तरी वाटत असावं.

दुसऱ्यांनाच कशाला बोलू? १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर औशाकडून येणाऱ्या गाडीत नातेवाइकांकडे निघालेली पोरं असायची. खिडकीची जागा मिळूनही बाहेर न बघणारी. त्यांच्याशी कुणी बोलत असेल का, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. तिकीट मागायचं जिवावर यायचं, एवढंच.

तेव्हा विनंती अशी, की पुन्हा असा लेख छापाल तेव्हा खाली सोलापुरातलं नाव, पत्ता, वार आणि वेळ छापा. नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा. आम्ही काय ते समजू.

आपला,
एक निवृत्त वाहक, जुळे सोलापूर
(मुलीला त्रास नको, म्हणून नाव छापू नये.)

ता. क. कालच्याच अंकात पान ३ वर 'डीजेच्या दणदणाटात तरुणाई थिरकली' असा फोटो आहे. ती मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली. मांडणीवरची भांडी हलत होती. आवाज कमी करा म्हणायला गेलो तर मंडळाचा पोरगा म्हणतो, 'ओ आजोबा, वर्षातनं एकदाच हाय की!' वर्षातनं एकदाच येणाऱ्या मिरवणुका सोलापुरात किती आहेत, ते आपण जाणताच. नातू त्या रात्री परत कॉटखाली झोपला. फोटो मात्र छान रंगीत आलाय.