मंजूर झालेलं अनुदान नाकारू नकोस

ता. वरोरा, जि. चंद्रपूर
चैत्र

चि. लेकीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

युरोपातल्या परिषदेचं प्रवास-अनुदान तुला मंजूर झालं आणि तू ते नको म्हणून कळवणार आहेस, हे आईकडून समजलं. मला सांगितलं नाहीस, कारण मी काय म्हणणार ते तुला ठाऊक आहे. तरी म्हणतोच. नको म्हणून कळवू नको.

तुझी अडचण मला पटते. अनुदानाचा पैसा परिषद आटोपल्यावर, बिलं दिल्यावर मिळणार. तिकीट, नोंदणी, राहणं हे सगळं आधी आपल्या खिशातून. व्हिसाचं शुल्क तर व्हिसा नाकारला तरी परत येत नाही. त्यात परिषद जूनमध्ये, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर. बियाणं-खताच्या दिवसांत बापाला पैसे कसे मागायचे, म्हणून तू गप्प बसलीस.

आपल्या वावरात ठिबक बसवलं तेव्हा हेच झालं होतं. आधी पूर्वसंमती, मग नळ्या आपल्या पैशानं घ्या, बिल चढवा, वावरात येऊन मोका तपासणी होऊ द्या, आणि मग कधीतरी खात्यात अनुदान. ज्याच्याजवळ आधी खर्चायला आहे त्याचंच काम होते. बाकीचे मंजुरी मिळूनही मागे सरतात. तरुण संशोधकांसाठी काढलेला पैसाही त्याच वाटेनं यावा, हे मला फार लागलं. तुझ्यासारखी किती पोरं न बोलता नाही म्हणून मोकळी होत असतील!

तेव्हा पहिलं काम हे कर. आयोजकांना मेल लिहून सरळ विचार, तिकीट तुम्हीच काढून द्याल का, निदान अर्धी रक्कम आधी मिळेल का. काही संस्था तसं करतात, पण मागणाऱ्यालाच. नोंदणीच्या फीचंही विचार. जागतिक बँकेच्या यादीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे, आणि त्या गटातल्या देशांसाठी बऱ्याच परिषदांची फी कमी असते. तुझ्या संस्थेत प्रवासाची उचल मिळते का, तेही लेखापालाला विचार. गाईडच्या मार्फत नको, तू स्वतः जाऊन विचार.

दुसरं, विमानभाड्यासाठी आपल्या देशातल्या योजना बघ. वैद्यकीय संशोधनाची आयसीएमआर आहे, विज्ञान-उद्योग संशोधनाची सीएसआयआर आहे. विज्ञान-संशोधनाला पैसा देणाऱ्या सर्ब या केंद्राच्या मंडळाचं काम 2023 च्या कायद्यानं एएनआरएफ या नव्या संस्थेकडे गेलं आहे, तिथंही चौकशी कर. स्वीकृतीचं पत्र, गोषवारा आणि संस्थाप्रमुखांची शिफारस जोडून ठेव. सही मिळायलाच दिवस जातात. एकाच खर्चाचे पैसे दोन ठिकाणांहून घेता येत नाहीत, म्हणून भाडं एकीकडून, राहणं आणि नोंदणी दुसरीकडून, अशी वाटणी अर्जातच लिहून दे. वयाची आणि पीएचडीनंतरच्या वर्षांची अटही आत्ताच वाचून घे. तरुणांसाठीच्या बहुतेक पुरस्कारांना ती असते आणि वर्षं भराभर जातात.

आता जायचं कशासाठी, ते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराची, सोल्युबिलिटी चाचणी करत होतो, तेव्हा तू शाळेतून येऊन बाकावर बसायचीस. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, द्रावणात टाकायचा, नळी काळ्या रेघांच्या कागदापुढं धरायची. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की रक्तात सिकल आहे. पण एएस पॅटर्न की एसएस, म्हणजे नुसता वाहक की आजारी, हे त्या नळीत कळत नाही. नमुना पुढं इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या तपासणीला, पाठवावा लागे, आणि तोवर पोराची माय दारातच विचारायची, "साहेब, माह्या पोराले काय हाये?" माझ्याजवळ उत्तर नसायचं.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असं जगात बरीच वर्षं मानलं गेलं. आपल्याकडच्या अरब-इंडियन प्रकारात फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे पोटातल्या बाळाच्या रक्तात असते ते, पुढंही जास्त राहते, म्हणून त्रास कमी, असा हिशेब. नागपूरच्या डॉक्टरांच्या अभ्यासांत मात्र इथल्या पोरांना वरचेवर दुखण्याचे झटके, रक्त चढवणं, दवाखान्यात भरती, असं चित्र दिसलं. तू नेमकं त्याच फीटल हिमोग्लोबिनवर काम करतेस. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत हा आजार हटवायचा आहे, सात कोटी लोक तपासायचे आहेत. तपासून झाल्यावर कुणाला कोणतं औषध किती द्यायचं, हे तुमच्यासारख्यांच्या आकड्यांवरून ठरेल. ते आकडे कुठल्या गावचे, रक्त कुणाचं, दुखणं कसलं, हे तुझ्या पोस्टरपाशी उभं राहून दुसरा कोण सांगणार?

आणि हा पैसा उपकाराचा समजू नको. जमशेटजी टाटांनी 1892 साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, त्याचा लाभ सर्वांत आधी मिळाला तो दोन डॉक्टर बायांना. त्यातल्या कृष्णाबाई केळवकर आपल्या महाराष्ट्रातल्याच. तुझा गोषवारा परीक्षकांनी वाचून निवडला. ते तुझ्या कामाचं मोल आहे, ते घेताना मान खाली घालायची नाही.

पेरणीची काळजी सोड. भाव वाढेल म्हणून थांबवलेला कापूस विकला, बियाणं-खताचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. त्याला हात लावणार नाही. उरलेले आणि माझ्या पेन्शनीतले मिळून बराच खर्च निघेल. आईनं बचत गटात शब्द टाकला आहे, पण तशी वेळ येईल असं वाटत नाही. अनुदान आलं की माझे पैसे परत कर, तुझ्या मनाला तेच बरं वाटणार असेल तर.

व्हिसाची तारीख आधी घे. पासपोर्टची मुदत बघ. बोर्डिंग पास जाताना-येताना दोन्ही जपून ठेव, राहण्याचं बिल तुझ्याच नावाचं घे. तिकिटाचा आकडा रविवारपर्यंत कळव, म्हणजे सोमवारी वरोऱ्याला बँकेत जाऊन पैसे टाकतो.

तुझे,
बाबा