काकाजी, तुमच्या बांधीतल्या सारसांसाठी

काकाजी, सादर नमस्कार.

आम्ही हौशी फोटोवाले मित्र अधूनमधून जमतो. ज्यानं त्यानं आपला आवडता फोटो आणायचा आणि तो कसा मिळाला ते सांगायचं. या वेळी मी सारसाच्या जोडीचा फोटो नेला. मित्रांनी लेन्स विचारली, शटर स्पीड विचारला, ते सांगितलं. पण तो फोटो तुमच्यामुळे मिळाला, हे सगळ्यांना कळावं म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव, गाव मुद्दामच लिहीत नाही. घरट्याचा ठावठिकाणा फुटला की गाड्या येतात, माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतात आणि पाखरं अंड्यांवरून उठतात. गोंदिया जिल्हा, एवढं पुरे.

महाराष्ट्रात सारस आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातच उरलेत. मामा तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांत, चरायचं आणि पावसाळ्यात धानाच्या पाण्यात घरटं करायचं, हा त्यांचा संसार. म्हणजे तो शेतकऱ्याच्याच भरवशावर चालतो. रोवणी झाली आणि या जोडीनं तुमच्याच बांधीतलं धान उपटून गवताबरोबर त्याचा ढीग रचला. तेवढं पीक गेलं. तुम्ही म्हणालात, "राहू दे बापू, त्याईलेबी लेकरं हायेत." निंदणाच्या बायांना तुम्ही दुसऱ्या बांधीत पाठवलंत, खत टाकतानाही तो कोपरा सोडलात. साधारण महिनाभर अंडी उबवायची असतात. तो सगळा महिना तुम्ही त्या बाजूनं जाणंच बंद केलंत. अल्पभूधारक माणसाला हे किती जड जातं, ते धान पिकवणाऱ्यालाच विचारावं.

मला तुम्ही लांबच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या आडोशाला बसवलंत. भडक शर्ट बदलायला लावलात. नर-मादी आळीपाळीनं बसतात, पाळी बदलताना दोघं एकत्र दिसतील, तोवर हलू नको, असं बजावलंत. अगदी तसंच झालं. आभाळ भरलेलं होतं, म्हणून उजेड मऊ होता आणि मानेचा लाल रंग कुठेच फटफटला नाही. तलावाकडून आलेला सारस घरट्याशी थांबला. माणसाएवढं उंच ते पाखरू वाकलं, पाण्यावर तरंगणारी धानाची एक काडी चोचीत धरली आणि घरट्याच्या कडेला खोचली. बसलेला जोडीदार तेव्हा उठत होता. त्याच्या पायांमध्ये दोन फिकट अंडी. मी बटण दाबलं ते तेव्हा. नंतर दोघांनी माना वर करून जी साद घातली, तिचेही फोटो आहेत, तेही छान आलेत. पण माझा जीव त्या काडीच्या फोटोवर आहे. काडी तुमच्या धानाची आहे, काकाजी.

पिल्लं आईबापामागं धुऱ्यानं फिरतात, हे तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं मी. काकूंच्या हातचा तो काळा चहा आणि तुमचा हा जिव्हाळा, दोन्हींसाठी मनापासून आभार.

फोटो मोठा करून, फ्रेम करून ठेवलाय. धान कापून झालं की ओसरीवर लावायला घेऊन येतो. तोवर कोणी कॅमेरावाला माझं नाव सांगत आला, तरी त्याला बांधीकडे नेऊ नका.

तुमचा,
पळसाखालचा फोटोवाला