थेरपीच्या खोलीचं दार उघडं ठेवायला लावा : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पुण्यात धायरीला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. घरी त्याला बाळ्या म्हणतात म्हणून इथेही बाळ्याच म्हणते. अर्ज-बिर्ज लिहायची सवय नाही मला, त्यामुळे इकडचं तिकडे होईल, सांभाळून घ्या.

पत्र एका पाटीबद्दल आहे. पुण्यातल्या पाट्यांचं किती कौतुक असतं तुम्हाला माहितीये, लोक फोटो काढून फॉरवर्ड करत बसतात. आम्ही बाळ्याला पहिल्यांदा ज्या थेरपी सेंटरला घातलं (नाव घेत नाही, कारण अशी एकच जागा थोडीच आहे) तिथे आतल्या दारावर लिहिलं होतं, "सेशन चालू असताना पालकांनी आत येऊ नये, डोकावू नये." खाली चपलांचा स्टँड आणि समोर प्लास्टिकच्या चार खुर्च्या. त्या खुर्चीत मी सात महिने बसले.

आधी तिथवर कसे पोचलो ते सांगते. बाळ्या दीड वर्षाचा असताना पाणी, बाबा, भूभू असे शब्द बोलायचा, मग हळूहळू सगळे गेले. सासूबाई म्हणाल्या याचे बाबा पण चार वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते, आणि आम्हाला तेच ऐकायचं होतं म्हणून आम्ही ऐकलं. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि मुलं तपासते, ही योजना २०१३ ला आपल्याच पालघरला सुरू झाली, पण ती टीम फक्त अंगणवाडीत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाते आणि आमचा बाळ्या होता कोपऱ्यावरच्या खासगी नर्सरीत. इंग्लिश मीडियमची हौस आमचीच. कोणाला बोलणार.

दिव्यांग सर्टिफिकेटच्या वेळी चाळीस प्रश्नांची तपासणी झाली, इसा म्हणतात तिला, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच मार्क आणि बेरीज ७० किंवा वर गेली की ऑटिझम. डोळ्यात बघतो का, नावाने हाक मारली की वळतो का, दुसऱ्या मुलांत मिसळतो का. आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं की पोराला मार्क कमी पडू देत. नाही पडले.

मग सगळे सांगतात थेरपी लवकर सुरू करा, एकही महिना घालवू नका. आमचा हिशोब असा होता: बिहेवियर थेरपी, म्हणजे मुलाला वागणं शिकवायची, आठवड्याला चार वेळा, पाऊण तासाचे ७०० रुपये. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) दोनदा, स्पीच एकदा, त्यांचे ८०० प्रत्येकी. महिन्याला २० हजार ८००. माझा पगार १९ हजार. म्हणजे मी दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि ते सगळं, वर आणखी थोडं, बाळ्याच्या बाबांच्या पगारातलं, त्या पाटीच्या दाराआड द्यायचं. सरकारच्या निरामय योजनेचा विमा वर्षाला एक लाखाचा आहे, त्याबद्दल खरंच आभार, पण थेरपीसाठी त्यातला ठरलेलाच भाग मिळतो, तो आमचा पावसाळ्याआधीच संपतो. धायरीहून कोथरूडला जायचं म्हणजे दोन बस नाहीतर रिक्षा, तो खर्च मी धरलेलाच नाही. सिंहगड रोडला उड्डाणपूल झाला म्हणून अभिनंदनाचे फ्लेक्स लागलेत, संध्याकाळी साडेसहाला एकदा त्याच्या खाली उभे राहून बघा.

आता मुद्द्याचं. पहिले काही दिवस आतून रडण्याचा आवाज यायचा. मॅडम म्हणाल्या सुरुवातीला सगळेच रडतात, तुम्ही दिसलात की जास्त रडेल. पटलं मला. शाळेत पहिल्या दिवशी सोडताना पण असंच असतं ना. तीन-साडेतीन महिन्यांनी तो रडायचा थांबला, मला वाटलं रुळला. आणि एक दिवस घरी जेवताना बाळ्या बोलला. दोन वर्षं ज्याची वाट बघत होते ते वाक्य आलं, अगदी स्वच्छ, दोन शब्दांचं.

"हात खाली."

आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. मी भरवेपर्यंत काढले नाहीत.

साहेब, बाळ्याला बसचं वेड आहे. स्टॉपवर लांबून पीएमपी दिसली की तो दोन्ही हात खांद्याजवळ नेऊन पंख्यासारखे फडफडवायचा, चेहरा असा उजळायचा की स्टॉपवरची अनोळखी माणसं पण हसायची. त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बस आली तरी हात हलत नाहीयेत. सेंटरला विचारलं तर फाइल काढून दाखवली, त्यात ग्राफ होता, हात फडफडवणं ८० टक्के कमी. मला अभिनंदन पण म्हणाले. मी विचारलं, पण त्या हात हलवण्याने कोणाला काय त्रास होत होता? तर उत्तर आलं, "पुढे शाळेत विचित्र दिसतं ना." आत नक्की काय करायचे, हात धरून ठेवायचे का, खाऊ काढून घ्यायचे का, ओरडायचे का, ते मला आजपर्यंत माहिती नाही. सातशे रुपयांना पाऊण तास विकत घेत होते आणि आत काय मिळतंय हे मला माझ्या पोराच्या तोंडून, तेही त्याच्याकडे दोनच शब्द असताना, कळलं.

हे वाचून कोणी म्हणेल ही बाई थेरपीच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. दुसऱ्या ठिकाणी ज्या ताई भेटल्या त्या पण बिहेवियर थेरपीच करतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आई, तुम्ही आत बसायचं, कारण आठवड्यातले चार तास माझ्याकडे आणि बाकीचे सगळे तुमच्याकडे. त्यांनी बाळ्याच्या आवडीचं बिस्कीट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं, बरणी त्याच्यासमोर ठेवली आणि गप्प बसल्या. त्याने बरणी आपटली, मग माझ्याकडे आणली, मग ताईंचा हात धरून झाकणावर ठेवला, तेव्हा त्यांनी लगेच चित्राचं कार्ड त्याच्या हातात दिलं, ते त्याने त्यांना दिलं आणि बरणी उघडली. असं दहा-बारा दिवस. एका सकाळी तो स्वतः कार्ड शोधत आला. चड्डी घालायला शिकवली ती उलट्या बाजूने, म्हणजे सगळं आपण करायचं आणि शेवटचं वर ओढणं तेवढं त्याने करायचं, ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. त्यामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं आणि तो खूश. इतकी साधी गोष्ट मला कोणी आधी का सांगितली नाही.

आणि वही. बाळ्या मनगट चावून घ्यायचा, रक्त येईपर्यंत. ताईंनी तीन रकाने आखायला लावले: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग त्याला काय मिळालं. पंधरा दिवस लिहिलं तेव्हा दिसलं की चावणं बहुतेक वेळा संध्याकाळी कुकर आणि टीव्ही एकदम चालू असतानाच होतं. कुकर आता सकाळी लावते, संध्याकाळी भात नुसता गरम करते. मनगटावरच्या खुणा गेल्या. सासूबाईंची सिरियल मात्र कमी आवाजात, त्याबद्दल त्या अजून नाराज आहेत.

म्हणजे एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातायत आणि दाराबाहेर बसलेल्या आईला फरक कळायला काही मार्ग नाही. पहिल्या सेंटरला मला सांगितलं होतं की अमेरिकेत आठवड्याला ४० तास देतात, तुम्ही चारच वेळा येता. मी घरी येऊन वाचलं. तो आकडा लोवास नावाच्या प्रोफेसरांच्या १९८७ च्या अभ्यासातला, ज्यात ४० तास मिळालेली मुलं होती एकूण १९ आणि त्यातली ९ साध्या पहिलीत इतर मुलांसारखी शिकू लागली. त्याच अभ्यासात जोरात "नाही" म्हणून ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हे पण उपचाराचा भाग होतं, हे सांगायला मात्र सेंटरवाले विसरले. तिकडची ऑटिझम असलेली मोठी झालेली माणसं आज स्वतः लिहितायत की लहानपणी आम्हाला गप्प बसायला शिकवलं आणि त्याला सुधारणा म्हटलं. तिकडे त्यावर भांडणं होऊन पद्धती बदलल्या, आमच्याकडे फक्त ४० आकडा तेवढा आला. आमच्या रेटने ४० तास म्हणजे आठवड्याचे ३७ हजाराच्या वर, ते जाऊ दे.

मी रक्त काढते त्यासाठी मला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करावा लागला, परीक्षा, इंटर्नशिप, सगळं. सुई टोचायला शिक्षण लागतं आणि पोराला काय बक्षीस द्यायचं, काय काढून घ्यायचं हे ठरवायला? स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, ओटीवाल्यांची आपल्या राज्यात कौन्सिल आहे. बिहेवियर थेरपिस्टला नंबर मागितला तर ऑनलाइन कोर्सचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दाखवतात. अमेरिकेतलं जे मोठं बोर्ड या विषयातलं सर्टिफिकेट देतं त्याने तर २०२३ पासून आपल्यासारख्या देशांतून नवीन अर्ज घेणंच बंद केलंय, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायचे ते पण गेलं. आमच्या लॅबवाल्यांसाठी जो २०२१ चा कायदा आला, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांचा, त्याच्या यादीत आम्ही आहोत म्हणून मी ती यादी पूर्ण वाचली, आणि त्यात बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट असं स्पष्ट लिहिलंय. मग ते राज्यात कोणाच्या रजिस्टरला कधी लागणार? तुम्ही म्हणाल हे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. तपासणीची टीम सार्वजनिक आरोग्याकडे, शाळा शिक्षणाकडे, दिव्यांग कार्ड तुमच्याकडे. बाळ्या एकच आहे हो.

पण एक गोष्ट तर तुमच्याच हातात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ५० वं कलम म्हणतं की दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. संस्था म्हणजे वसतिगृहच असं त्यात नाही, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन सगळं येतं. मग फ्लॅटमध्ये, दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणारी ही थेरपी सेंटरं त्या नोंदणीत घ्या आणि अट घाला. मला मोठं काही नकोय. दारावर दुसरी पाटी लावायला लावा: आत कोण आहे, काय शिकलंय, फी किती, आणि पालक कधीही आत बसू शकतात. मुलावर कोणतं ध्येय ठेवलंय ते मराठीत लिहून पालकांची सही घ्यायची, म्हणजे "हात फडफडवणं कमी करणे" असं कोणी लिहिलं तर मी तिथेच खोडेन. मारणं, जेवणखाण रोखणं, जबरदस्तीने दाबून धरणं यावर सरळ नोंदणी रद्द. ज्या ताई चांगलं काम करतात त्यांना याचा काहीच त्रास नाही, त्यांचं दार आजही उघडंच आहे.

आणि पालकांना शिकवा. जिल्ह्यातलं जे लवकर उपचाराचं केंद्र असतं तिथे ओटी, स्पीच, तपासणी होते ते ठीकच, पण आईबापांना शिकवायचा वर्ग पण तिथेच भरवा. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठीच एक कोर्स केलाय, ९ वर्ग आणि ३ वेळा घरी भेट, फुकट आहे. शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ मुलांवर अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला, त्यात पालकांना शिकवणारे लोक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते, आणि तरी आईबापांचं मुलाशी वागणं बदललं आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद करायला लागली. आमच्या आशाताई, अंगणवाडीताई हे करू शकत नाहीत असं मला वाटत नाही, फक्त त्यांना त्याचे पैसे द्या, आधीच्या कामांच्या ढिगावर अजून एक रजिस्टर नका टाकू. भोर-वेल्ह्याची आई कोथरूडला आठवड्यातून चारदा येऊच शकत नाही, तिला ती बिस्किटाची बरणी आणि तीन रकान्यांची वही तिच्या घरी मिळायला पाहिजे.

३ डिसेंबर २०२२ ला आपल्या राज्याने दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढलं, तेव्हा आम्ही चार-पाच आया सेंटरच्या त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसून मोबाईलवर बातमी वाचली होती आणि पेढे वाटू म्हणालो होतो. ते राहिलेत.

तुमचं आयुक्तालय इथेच चर्च रोडला आहे. लॅबला माझी गुरुवारी सुट्टी असते, ह्या पत्राची सही केलेली प्रत आणि सोबत तीन रकान्यांच्या वहीची झेरॉक्स घेऊन येत्या गुरुवारी येतेय, पोच घेतल्याशिवाय जाणार नाही. बाळ्याला पण आणते, धायरीहून स्वारगेट आणि पुढे दुसरी बस, त्याला दोन बस म्हणजे सणच. हात हलवणं परत सुरू झालंय त्याचं, मार्चपासून. गेटवर एखादी मोठी गाडी आली तरी हलवेल, थोडा आवाज पण करेल. शिपायांना सांगून ठेवा, त्याला हात खाली म्हणू नका.

आपली,
बाळ्याची आई
धायरी, पुणे