आत्याला काय सांगायचं

स्टुटगार्ट,
१२ नोव्हेंबर

ती. आई,
सा. न.

फोनवर बोललो तरी पत्र लिहितेय, कारण घरच्या ग्रुपवर काही टाकलं की पाचव्या मिनिटाला इस्लामपूरला आत्याकडे पोचतं. हे फक्त तुला.

सोनोग्राफी झाली. सगळं ठीक आहे. साडेनऊ आठवडे, लांबी २७ मिलिमीटर, ठोके मिनिटाला १७२. फोटोची प्रत सोबत आहे. खाली ‘एसएसएल’ लिहिलंय ती डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, त्यात दुसरं काही शोधायला जाऊ नका. मध्ये शेंगदाण्याएवढं दिसतं ते बाळ. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला तेव्हा हाताचा कोंब हलला, अगदी स्पष्ट! अमेयला आधी दिसलंच नाही, तो भलतीकडेच बघत होता.

आता आत्याचं. तिचा निरोप आलाय, ‘वार उजवीकडे आहे की डावीकडे, तेवढं विचार.’ वार म्हणजे प्लासेंटा, ती उजवीकडे असली तर मुलगा, असं तिला कुठल्याशा व्हिडिओत कळलंय. अगं, सुरुवातीची सोनोग्राफी इथे आतून करतात. पोटावरून केली तर त्याच बाळाची उजवी-डावी बाजू फोटोत उलटी दिसू शकते. म्हणजे यंत्र कुठून धरलं त्यावर मुलगा-मुलगी ठरणार! तिचं दुसरं म्हणणं, ठोके १४० च्या वर असले तर मुलगी. नवव्या-दहाव्या आठवड्यात सगळ्याच बाळांचे ठोके १७० च्या आसपास असतात, पुढे आपोआप उतरतात. या हिशोबानं जगात नुसत्या मुलीच जन्माला यायला हव्यात. आणि खरं सांगायचं तर या वयात बघण्यासारखं काही नसतंच. मुलगा असो की मुलगी, त्या जागी सारखाच एक बारीक उंचवटा असतो. बाराव्या-तेराव्या आठवड्यात त्याच्या कलावरून काही जण अंदाज बांधतात, तोही चुकतो.

आत्याचे अंदाज खरे निघतात असं सगळे म्हणतात. दोनातलं एक सांगायचं असलं की निम्म्या वेळा कुणाचंही खरं निघेल. उरलेले निम्मे कोण लक्षात ठेवतं? मी ठेवलाय एक. ओवीनंतर वहिनीला दिवस गेले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होती, ‘चेहरा उजळलाय, परत मुलगीच.’ वहिनी पोळ्या लाटत होती. तव्यावरची पोळी करपली तरी तिनं ती उलटली नाही. तुम्ही कुणी काही बोलला नाहीत. आजी तर उठून देवघरात गेली. पुढे झाला आर्यन, आणि आत्यानं पेढे खाल्ले. पण वहिनीनं मधले महिने कसे काढले ते मी सुट्टीत आले तेव्हा पाहिलंय.

तू अंगणवाडीची रजिस्टरं भरलीस, तुला आकडे मी काय सांगू. मुलगा-मुलगी तपासण्यावर बंधन घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या राज्यानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ ला. तरी आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४ झाल्या. त्याच २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन दोनशेहून जास्त नकुसांना, म्हणजे ‘नकोशी’ म्हणून तसं नाव पडलेल्या मुलींना, नवी नावं दिली. माझ्या वर्गातली नकुसा तेव्हा लग्न होऊन गेली होती, तिच्या कागदांवर तेच नाव राहिलं असणार.

मला वाटायचं, इकडे जर्मनीत सगळं मोकळं असेल. तसं नाही. इथेही कायदा आहे, २०१० पासून. गर्भधारणेपासून १२ आठवडे, म्हणजे डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात त्या हिशोबानं १४, पूर्ण होईपर्यंत मुलगा की मुलगी हे आईलाही सांगता येत नाही. गर्भपाताची मुदत जिथे संपते तिथेच ही बंदी संपते. ती मुदत उलटली की आईनं विचारलं तर बिनदिक्कत सांगतात. शिवाय २०२१ पासून नुसती हौस म्हणून बाळाची सोनोग्राफी करायलाही बंदी आहे. डॉक्टरबाईंना मी आत्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, इथल्या आज्याही पोटाच्या आकारावरून सांगतात, पोट टोकदार असलं तर मुलगा. आपल्या आजीचं अगदी तेच!

तेव्हा फोटो कुणालाही दाखव, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त आत्याचा निकाल माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस, आणि आर्यनच्या वेळची चर्चा वहिनीसमोर परत काढू देऊ नकोस. आत्या चिडली तर चिडू दे, दिवाळीचा फराळ पाठवते तेव्हा निवळते. डोहाळजेवणाला मात्र पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवायच्याच. तेव्हा सातवा महिना असेल, हवं ते ओरडा. मी व्हिडिओवर असेन आणि माझ्या वतीनं वाटी वहिनी उचलेल. ओवीला शेजारी बसव.

विसाव्या आठवड्यानंतर इथले डॉक्टर आम्हाला विचारतील. अमेयला कळायला हवंय, मला नको. त्याला कळलं तर त्याच्या तोंडावर दिसणार, तेव्हा भांडण चालू आहे.

तुझ्या व्हिसाची कागदपत्रं अमेयनं पाठवलीत, अर्ज लवकर कर, तारखा मिळत नाहीत. येताना मेतकूट आण, आणि आळीव. बाबांना सा. न. सांग. बीपीची गोळी विसरू नका म्हणावं.

तुझी,
मनू