छायाचित्राखालची ओळ

महोदय,

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाच्या सुमारास पुण्यात छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. यंदा त्यांतील एका प्रदर्शनात कष्टकऱ्यांची बरीच चित्रे होती. प्रत्येक चौकटीखाली छायाचित्रकाराचे नाव होते, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती हेही होते; चित्रातल्या माणसाच्या वाट्याला मात्र ‘धडपड’, ‘आशा’ अशी शीर्षके आली होती. आयुष्यभर मुद्रिते तपासल्यामुळे माझी नजर चित्राआधी ओळीवर जाते, ही खोड म्हणून सोडून द्यावी. पण अन्यायाचा पुरावा म्हणून छायाचित्र मांडायचे असेल, तर कोण, कुठे, केव्हा हे सांगणारी ओळ त्या पुराव्याचाच भाग असते, असे मला वाटते.

ही सवय आजची नाही. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे ८ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक चेहऱ्यांखाली जात किंवा जमात लिहिलेली आहे, माणसाचे नाव क्वचितच. आपण जातीच्या जागी ‘कष्टकरी महिला’ असे लिहू लागलो, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेतील मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या छावणीत मुलांसह बसलेल्या एका आईचे छायाचित्र घेतले. ते वर्तमानपत्रात छापून आल्यावर छावणीत सरकारी धान्य पोहोचले, पण तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. आपण तिचे नाव विचारले नव्हते, हे लँग यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये, तेही एका स्थानिक दैनिकातून. त्या जन्माने चेरोकी या आदिवासी जमातीच्या होत्या आणि ४० वर्षे लोक त्यांना गोऱ्या दारिद्र्याचे प्रतीक समजत आले होते. एक ओळ नव्हती, म्हणून एका बाईची ओळखच बदलून गेली.

नाव छापले की न्याय झाला, असेही नाही. २००२ च्या गुजरात दंगलीत अर्को दत्ता यांनी टिपलेला, हात जोडून जीव वाचवण्याची याचना करणारा शिंपी आपल्या वाचकांना आठवत असेल. त्या चेहऱ्याची ओळख त्याला इतकी महाग पडली की अहमदाबाद सोडून काही काळ त्याला कोलकात्यात राहावे लागले, आणि त्याला न विचारता ते चित्र राजकीय प्रचारात वापरले गेले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास तर कायद्याचीच मनाई आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या लहानग्याचे रघू राय यांचे चित्र घ्या. तिथे नाव कुणालाच ठाऊक नाही, आणि ते नसणे हाच त्या चित्रातला आरोप आहे. म्हणजे नाव द्यावे की न द्यावे, हा निर्णय दर वेळी विचार करून, आणि शक्य असेल तिथे त्या माणसाला विचारूनच व्हायला हवा.

हे मला सुचले त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या सोसायटीत सकाळी सातला ढकलगाडी घेऊन येणाऱ्या कचरावेचक ताईंचे छायाचित्र मध्यंतरी एका दैनिकात (ते आपले नव्हे, हे आधीच सांगतो) आले. बातमी होती कचरा उचलला जात नसल्याची आणि खाली ओळ होती ‘प्रातिनिधिक छायाचित्र’. कात्रण दाखवल्यावर ताईंनी ते डोळ्यांजवळ धरून नीट पाहिले आणि म्हणाल्या, “काका, ही माझी जुनी गाडी. हिचं चाक मोडलं त्याला वर्ष झालं. आणि मी तर रोज येते की.” मग त्यांनी गळ्यातले ओळखपत्र पुढे केले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना पुढे महापालिकेने मान्यता दिली, आणि ज्या बायकांकडे चोर म्हणून पाहिले जाई त्यांना दाखवायला काहीतरी हाती आले. त्या कार्डावरचे छायाचित्र जेमतेम अंगठ्याएवढे, कडेला पाणी शिरून पिवळे पडलेले. पण त्याखाली नाव आहे, आणि पुराव्याची जी अट मी वर मांडली, ती तेवढेसे चित्र पुरी करते.

आपल्या दैनिकाकडे माझे मागणे साधे आहे. संग्रहातले छायाचित्र वापरताना ते मूळ कुठले आणि कोणत्या तारखेचे, हे ओळीत यावे. ओळखू येणारा जिवंत चेहरा ‘प्रातिनिधिक’ म्हणून कुठल्याही बातमीला जोडू नये. अगदीच अडले तर रिकामी ढकलगाडी छापावी. बातमीदार छायाचित्रकाराने नाव विचारावे आणि ते छापायचे की नाही, हेही विचारावे. गर्दीत, लाठीमारात हे जमत नाही, ते मान्य. पण वस्तीत तासभर थांबून काढलेल्या चित्राला ती सबब चालणार नाही.

ताईंचे नाव मी या पत्रात लिहिलेले नाही. लिहू का, असे विचारले होते. “घरी विचारून सांगते,” म्हणाल्या. अजून सांगितलेले नाही.

— एक निवृत्त मुद्रितशोधक, कोथरूड, पुणे